कुमुदचं टेबल

"या टेबलावर साडी नको," सर म्हणाले.

मी साडी हातात धरून तशीच उभी राहिले. रविवारची संध्याकाळ होती. पुढच्या खोलीत इस्त्री तापलेली, टेबल मांडलेलं, आणि सरांचे आठवड्याभराचे पांढरे शर्ट नि पांढऱ्या पँटी खुर्चीच्या पाठीवर ओळीनं पडलेल्या.

"का? साडी बाधते का टेबलाला?" मी हसत विचारलं. लग्नाला दोन महिने झाले होते. तेव्हा मी सगळं हसतच विचारत असे.

"तसं नाही गं. पण नको."

"इस्त्री गरम आहे. तुम्ही उभेच आहात. दोन हात फिरवले असते तर झाली असती."

सरांनी इस्त्री उभी करून ठेवली. नजर माझ्याकडे नव्हती, भिंतीकडे होती. भिंतीवर कुमुदचा फोटो.

"कुमुदनं फार कष्टानं शोधून आणलंय हे टेबल," ते म्हणाले. "तुझी साडी तू खाली चादर घालून कर ना. तशी सवय आहेच तुला."

सवय होती हे खरं. आख्खं आयुष्य मी जमिनीवर चादरीची घडी घालूनच इस्त्री केली होती. पण नवऱ्यानं ते असं काढून दाखवावं? मी आत गेले, जमिनीवर चादर टाकली आणि इस्त्री न करताच साडी ट्रंकेत कोंबली.

कुमुद म्हणजे सरांची पहिली बायको. ती वारली त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. सर बिजवर आणि मी प्रथमवधू, पण वधू म्हणावं असं वय कुठं राहिलं होतं? फलटणला वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांचं करता करता बत्तिसावं वर्ष उलटलं. वडील गेले तोवर स्थळंही आटली होती. बहिणींचे संसार, मैत्रिणींची मुलं, सगळ्यांचं मी बघत आले. हेवा करावा तर मी दुसऱ्यांचा. माझा हेवा करणारं माणूस मात्र अख्ख्या फलटणात दिवा घेऊन शोधलं तरी मिळालं नसतं. मग साताऱ्याच्या पेंढारकर सरांचं सांगून आलं. हायस्कुलात पी.टी. शिकवतात, मूलबाळ नाही, व्यसन नाही. मी हो म्हटलं. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, म्हणून मीही मनात सरच म्हणू लागले.

माणूस चांगला होता. कपड्यांच्या बाबतीत मात्र वेडा. पी.टी.च्या मास्तरानं पांढरंच घालायचं आणि ते कडक इस्त्रीचंच, हा त्यांचा धर्म. पँटीची धार अशी की तिनं काकडी चिरावी. ग्राउंडवर सकाळी उतरले की पोरं आपोआप सरळ उभी राहत. मी लग्न होऊन आले तेव्हा मनात धास्तीच होती, हा पांढरा ढीग आता माझ्या गळ्यात पडणार म्हणून. पण पहिल्याच रविवारी सरांनी स्वतः टेबल मांडलं आणि पाण्याचा हबका मारून शर्ट पसरला. मी पुढं झाले तर म्हणाले, "तू बस. हे माझं काम."

तेव्हा मला काय आनंद झाला होता! बहिणीला पत्रात कळवलंसुद्धा की आमचे हे स्वतःचे कपडे स्वतः इस्त्री करतात. साडीचा प्रसंग घडला आणि त्या आनंदात माती कालवली गेली. मग मला दिसायला लागलं की हे काम नव्हतं, ही पूजा होती. दर रविवारी संध्याकाळी हा माणूस त्या टेबलापुढं तासभर उभा राहतो, त्यावरून हात फिरवतो आणि पुटपुटतो. हो, पुटपुटतो. ओठ हलताना मी दारातून पाहिले होते. माझ्याशी इतकं कधी बोलायचे नाहीत.

टेबल होतं मात्र नामी. सागवानी फळी, एका बाजूला निमुळती केलेली, वर घोंगडीची जाड घडी आणि तिच्यावर पांढरं मांजरपाट ताणून खालून चुका मारलेल्या. पाय लाकडीच, कात्रीसारखे एकमेकांत अडकणारे. सर सगळा भार टाकून कॉलर दाबायचे, पण ते हलत नसे की कुरकुरत नसे. एक दिवस सर शाळेत गेल्यावर मी ते मांडून पाहिलं. फळी थेट माझ्या छातीशी आली. इस्त्री धरायची तर खांदे वर करावे लागत होते. तिथंच मी समजून चुकले की कुमुद चांगली उंचीपुरी असणार. फोटोत नुसता चेहरा आणि मान होती. मान लांब होती. अशा मानेखाली बांधाही तसाच असणार. मी म्हणजे देवळाच्या घंटेला उडी मारून हात लावणारी. सरांच्या शेजारी ती कशी शोभून दिसत असेल, हे मला त्या फळीनं सांगितलं. फोटोनं नसता केला एवढा अपमान.

तिच्या साड्या तिच्या आईनं नेल्या होत्या. लग्नाचा अल्बम भावाकडे होता. ती कशी होती हे सरांना विचारता आलं असतं, पण विचारलं तर मी हरले असते. मी विचारलं ते टेबलाबद्दल.

"एवढं शोधलं म्हणजे काय केलं हो तिनं?"

सरांचा चेहरा उजळला. तो उजळला याचाही मला राग आला.

"अगं, महिनोन्‌महिने फिरली. प्रकृती बरी नसताना. पसंतच पडेना. टेबल मांडायचं, वर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवायचा आणि फळी दोन्ही हातांनी दाबायची. थेंब सांडला की टेबल नापास. दुकानदार टरकायचे तिला."

"मलाही एक टेबल हवंय," मी म्हटलं. "माझं."

मला वाटलं ते म्हणतील, कशाला, हे आहे की. पण ते लगेच म्हणाले, "घे की. जरूर घे. मी येऊ बरोबर?"

"नको. माझं मी शोधीन."

आणि मी शोधायला लागले. श्रावण चालू होता, बायका मंगळागौरीला जात होत्या, आणि मी पिशवीत स्टीलचा पेला घालून साताऱ्यातली दुकानं पालथी घालत होते. तिनं महिनोन्‌महिने शोधलं काय? मी तिच्याहून सरस शोधणार होते.

मोती चौकातल्या एका भांड्यांच्या दुकानात पत्र्याचं टेबल होतं. दुकानदार म्हणाला, "ताई, हत्ती उभा करा यावर."

"हत्ती राहू द्या. एक पेला पाणी द्या."

त्याला वाटलं मला तहान लागलीय. बिचाऱ्यानं माठातलं गार पाणी दिलं. मी पेला काठोकाठ भरून टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळवे टेकून दाबले. टेबल शेळीच्या पिल्लासारखं लटपटलं आणि पाणी त्याच्या धोतरावर गेलं.

"अहो, काय करताय?"

"तुमचा हत्ती पडला," मी म्हटलं आणि बाहेर पडले.

पोवई नाक्याला एका मोठ्या दुकानात मुंबईहून आलेलं टेबल होतं. फुलाफुलांचं कापड, खटका दाबला की पाय बाहेर. दिसायला इतकं गोड की मी जवळजवळ घेतलंच होतं. पेला काढला. दाबलं. खटका निसटला आणि टेबलानं दंडवत घातलं. दुकानदार चिडला.

"बाई, इस्त्री करायचीय का कुस्ती खेळायचीय?"

"दोन्ही," मी म्हटलं. त्याला काय माहीत कुणाशी.

असं चाललं होतं. कुठं फळी पातळ, कुठं पाय आखूड, कुठं रिबिटी ढिल्या. घरी आले की भिंतीवरची कुमुद हसतेय असं वाटायचं. सर विचारायचे, "मिळालं?" मी म्हणायची, "मिळेल." मग ते त्यांच्या टेबलाची घडी घालून दाराआड ठेवायचे. इतक्या जपून ठेवायचे की मी आत जाऊन भांडी आपटायची. सवतीमत्सर म्हणतात तो हाच. जिवंत सवत असती तर भांडून तरी मोकळी झाले असते. मेलेलीशी भांडायचं कसं? तिची चूक होत नाही, तिचं वय वाढत नाही, भाजी कधी खारट होत नाही.

शेवटी सदर बझारात दवाखान्याच्या खाटा बनवणारे एक पोळ म्हणून भेटले. लोखंडी पाइप, वेल्डिंगच्या ठिणग्या, अंगणभर खाटा. मी टेबलाचं सांगितलं तर त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"हुभं ऱ्हावा, वैनी. असं. आता कोपर वाकवा आन्‌ हात फुडं धरा, इस्त्री धरल्यागत." त्यांनी जमिनीपासून माझ्या मनगटापर्यंत पट्टी लावली. "इस्त्रीचं टेबल मानसाच्या मापाचं आसतंय. घरात दुसरं कोन करनार हाय का?"

"नाही. माझं एकटीचं."

"मग तुमच्याच मापाचं करतो. दुसऱ्यानं वापरलं तर त्येची कंबर धरंल, आधीच सांगून ठेवतो."

"धरू दे," मी म्हटलं.

टेबल आलं ते भाद्रपदात. लोखंडी पाय, खाली रबरी बूट, वर शिसवी फळी. मी पेला ठेवला, दाबलं, मग जवळजवळ लोंबकळलेच. पाणी हललं नाही. सर कौतुकानं बघत होते.

"भक्कम आहे हं."

"कुमुदच्या टेबलापेक्षा?"

ते गडबडले. "दोन्ही छान आहेत."

दोन्ही! जिवाचं रान करून मी बरोबरीला आले होते, बस. पुढच्या रविवारी मी मुद्दाम माझं टेबल मांडून ठेवलं, वर इस्त्री ठेवली. सरांनी एक शर्ट केला, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाले, "मला वाकावं लागतंय गं यावर." आणि दाराआडून कुमुदचं टेबल काढलं. पुन्हा तेच पुटपुटणं. या वेळी मी कान देऊन ऐकलं.

"कॉलर आधी. मग खांदा. मग बाही. पुढची पट्टी शेवटी."

कुणाशी बोलत होते ते? मला विचारायची गरज वाटली नाही. त्या घटकेला मी ठरवलं की हे टेबल या घरात राहणार नाही. ते तरी राहील नाहीतर मी तरी.

पितृपक्ष लागला. सर म्हणाले, "नवमीला कुमुदचं करावं लागेल. मंदाताईंना बोलावू या का सवाष्ण म्हणून? कुमुदची मैत्रीण. आता वाईला असतात."

नवऱ्याच्या आधी, अहेवपणी गेलेल्या बाईचं नवमीला करतात. एका सवाष्णीला बोलवायचं, गेलेलीच्या जागी तिला मानायचं, जेवू घालायचं, ओटी भरायची, साडी द्यायची. आणि दुसरेपणावर आलेल्या बायकोनं हे सगळं हसतमुखानं करायचं. माझ्या आत्यानं लग्नाआधीच बजावलं होतं, "त्यात कसूर करू नकोस हो. गेलेलीच्या आवडीचं रांधायचं आणि तिच्या आवडीची वस्तू सवाष्णीला द्यायची. तृप्त झाली म्हणजे संसारात लुडबूड करत नाही."

तिच्या आवडीची वस्तू!

मी कारली चिरत होते. विळी तिथंच थांबली. अहो, इतके दिवस मी डोकं आपटत होते आणि उपाय शास्त्रातच सांगून ठेवला होता. टेबल मंदाताईंना द्यायचं. धर्माचं काम, सर नाही म्हणू शकणार नव्हते. लोक म्हणणार, केवढं मन आहे हो दुसरीचं! आणि टेबल वाईला. तृप्त होऊन कुमुदही त्याच्याबरोबर वाईला गेली तर माझी काही हरकत नव्हती.

नवमीला मी पहाटेपासून राबले. पुरण, खीर, वडे आणि भरली कारली. कारली कुमुदची आवडती, हे सरांनी सांगितलं होतं. सर शाळेतून रजा घेऊन पाटपाणी बघत होते. टेबल मी आदल्या दिवशीच पुसून पडद्याआड ठेवलं होतं.

मंदाताई दुपारी आल्या. गव्हाळ, भरल्या अंगाची बाई, आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा. आल्या आल्या मला जवळ घेतलं आणि चेहरा निरखून म्हणाल्या, "हं. छान आहेस." मग फोटोकडे वळून म्हणाल्या, "बघितलंस का गं?" मला ते मुळीच आवडलं नाही.

जेवण झालं. कारलं खाताना त्यांचे डोळे भरून आले आणि तरी त्यांनी दोनदा मागून घेतलं. मी हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, साडी दिली. सर तांब्या घेऊन बाजूला उभे होते.

"अजून एक द्यायचंय," मी म्हटलं.

पडदा सारला. टेबल ओढून मधोमध आणलं, मांडलं, फळीला हळदीकुंकू लावलं, वर खण-नारळ ठेवला. मी मागं वळून पाहिलं नाही, पण सरांच्या हातातला तांब्या पाटावर आपटलेला ऐकू आला.

"शालन, हे..."

"धर्माचं आहे. नाही म्हणू नये," मी म्हटलं आणि मंदाताईंना वाकून नमस्कार केला. "कुमुदताईंच्या फार आवडीचं. फार कष्टानं शोधलेलं. तुमच्याकडे राहिलं तर त्यांच्या जिवाला बरं वाटेल."

मंदाताई टेबलाकडे बघत राहिल्या, मग सरांकडे, मग माझ्याकडे. आणि एकदम हसायलाच लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे गदगदा हलवून. सर म्हणाले, "मी जरा विड्याची पानं घेऊन येतो." पानं घरात होती. तरी ते चपला घालून गेले.

"आवडीचं?" मंदाताईंनी डोळे पुसले. "अगं बाई, कुमुदच्या आवडीचं? ती एकदा तरी उभी राहिली होती का यापुढं? तिचं नाक नसतं पोचलं फळीपर्यंत!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तुझ्याहून चार बोटं कमीच होती. आम्ही ठेंगू म्हणायचो तिला."

मी फोटोकडे पाहिलं. ती लांब मान. तिच्याखाली चार महिने मी जी बाई उभी करून ठेवली होती, ती एकदम मोडून पडली.

"मग टेबल एवढं उंच का?"

"त्याच्या मापाचं नको का? पेंढारकराच्या?" मंदाताई पाटावरून उठून खुर्चीवर बसल्या. "तुला काहीच सांगितलेलं दिसत नाही यानं. सांगणार कसा म्हणा, शपथ घातलीय. मला कुणी घातलेली नाही."

आणि मग त्यांनी सांगितलं. कुमुदच्या हृदयाची झडप लहानपणापासून अधू होती. त्यातून सरांचे हे पांढरे कपडे. लग्न झाल्यापासून ती जमिनीवर बसून, वाकून, घामाघूम होऊन ते करायची. सरांना तेव्हा रुमालही इस्त्री करता येत नव्हता. तिला दम लागतो हे तिनं त्यांना कळू दिलं नाही, आणि त्यांनाही दिसलं नाही. पुढं डॉक्टरांनी आता फार दिवस नाहीत असं सांगितलं, तेव्हा ही उठली आणि टेबल शोधायला लागली.

"मी म्हटलं, वेडी आहेस का? आता कशाला टेबल?" मंदाताई सांगत होत्या. "तर म्हणाली, 'मंदे, मी गेले की हे वर्षभर रडतील आणि मग लग्न करतील. करायलाच हवं, एकट्याला चहा करता येत नाही. पण जी येईल तिच्या उरावर हे पांढरे डोंगर नकोत. मी होते म्हणून ओढले.' त्याची जुनी पँट घेऊन फिरायची दुकानातून, माप दाखवायला. दारापाशी दम लागून बसायची आणि मला म्हणायची, तू दाब, पाणी सांडतंय का बघ. टेबल मिळालं, मग दर रविवारी त्याला उभं करायची आणि स्वतः खाटेवर पडून शिकवायची. कॉलर आधी. मग खांदा."

"मग बाही," मी म्हटलं.

"पुढची पट्टी शेवटी. बरोबर. किती शर्ट जाळले त्यानं! ती ओरडायची, तो रडायचा, मी बसून बघायची."

मी तिथंच जमिनीवर बसले. खरं सांगते, मला गहिवरून वगैरे आलं नाही. मला संताप आला. ही बाई मला न बघता, माझं नावगावही माहीत नसताना, माझी काळजी करून मोकळी झाली होती. म्हणजे चांगुलपणातही तीच पुढं! आता हिच्याशी स्पर्धा तरी कशी करायची?

"देवमाणूस होत्या म्हणायच्या," मी म्हटलं. ते मला नीट म्हणता आलं नसावं, कारण मंदाताईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि मग पुढं वाकून माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

"कसली देवमाणूस? जळायची तुझ्यावर."

"माझ्यावर?"

"मग? टेबल आणलं त्या दिवशी घळाघळा रडली. 'मंदे, ती टवळी आयती येणार. तिला न राबता हा नवरा मिळणार. मी यांना घडवायचं आणि तिनं मिरवायचं. मला हेवा वाटतो गं तिचा.' रोज तुझ्यावर बोटं मोडायची. कधी म्हणायची ती उंच असेल, कधी म्हणायची गोरी असेल, तिचं हृदय चांगलं असेल, भरभर जिने चढत असेल. आणि मग त्याला शपथ घातली." मंदाताई टेबलाच्या फळीवर हात ठेवून म्हणाल्या, "'तुमचे कपडे तुम्ही करा. पण तिची साडी या टेबलावर आलेली मला खपायची नाही. तिच्या साडीला तुम्ही इस्त्री फिरवायची नाही. आणि यातलं तिला काही कळू द्यायचं नाही. तेवढं माझ्यासाठी.'"

मी उंच असेन म्हणे. मी गोरी असेन म्हणे. फलटणात वडिलांच्या उशापायथ्याशी बसले होते तेव्हा इथं साताऱ्यात एक बाई खाटेवर पडून माझ्यावर जळत होती.

मंदाताईंनी नारळ आणि खण उचलून पिशवीत घातले. टेबलाला मात्र हात लावला नाही. "हे मी नेत नाही हो. एस.टी.त काय माझ्या शेजारी तिकीट काढून उभं करू?" दारात मात्र थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कारली अगदी तिच्यासारखी झाली होती. नाही, तिच्याहून जरा सरसच."

संध्याकाळी सर परत आले. हातात पानांची पुडी. दारातूनच विचारलं, "गेल्या?"

"गेल्या."

"आणि..."

"राहिलं," मी म्हटलं. टेबल मी दाराआड जागेवर ठेवलं होतं. त्यांनी ते पाहिलं आणि पाय धुवायला गेले. बराच वेळ मोरीतून पाण्याचा आवाज येत होता.

रविवार आला. सरांनी टेबल मांडलं, इस्त्री लावली. मी ट्रंकेतून तीच साडी काढली, चुरगळलेली, आणि टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"एक साडी होईल का?"

सरांचा चेहरा पडला. "शालन, मी तुला..."

"मला माहितीये सगळं. मंदाताईंनी सांगितलं. तरी विचारतेय, होईल का?"

ते फोटोकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे बघत होते. कपाळावर घाम आला होता त्यांच्या, इस्त्री अजून तापायची होती तरी. मग त्यांनी भिंतीवरची नजर काढली, माझ्याकडे पाहिलं आणि साडीसाठी हात पुढं केला.

"आण," ते म्हणाले.

चार महिने मला जे हवं होतं ते हेच होतं. तो हात. मी साडी पुढं केलीसुद्धा. त्यांची बोटं काठाला लागली आणि मी ती मागं ओढून घेतली.

"राहू दे."

"अगं, देतो करून. आता काय त्याचं."

"नको म्हणते ना. तिला खपणार नाही."

सर माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना कळलं नाही, आणि मी समजावलंही नाही. बायकांच्या आपसातल्या गोष्टी पुरुषांना कशाला सांगायच्या? जन्मभर मी दुसऱ्यांचा हेवा केला. माझा हेवा केला तो जगात एकाच बाईनं, तोही जीव जाताना. तो असा एका साडीसाठी पुसून टाकू? माझ्याजवळ तेवढं एक तर होतं.

मी माझं टेबल आणलं आणि त्यांच्या टेबलाशेजारी मांडलं. एक छातीशी येणारं, एक कमरेशी. आज सर सत्तरीपुढं गेलेत, पी.टी. कधीच सुटली, पण रविवारी दोन्ही टेबलं अजून अशीच शेजारी लागतात, आणि माझ्या साडीला त्यांनी आजवर इस्त्री लावलेली नाही.

"जरा सरका," मी त्या दिवशी सरांना म्हटलं, "आणि तुमचा शर्ट झाला की इस्त्री इकडे द्या."